पाठ काहीच नसतं!

टीव्हीवरच्या निवेदकांच्या एवढं लक्षात कसं राहतं, याचं उत्तर स्टुडिओ आतून बघितला की लगेच मिळतं. पाठ काहीच नसतं! कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ४५ अंशांत तिरकी काच बसवलेली असते. खालच्या स्क्रीनवर निवेदकानं वाचायची अक्षरं उलटी, काचेत ती सुलटी दिसतात. भिंगाला मात्र त्यातलं काही दिसत नाही. मी वाकून ती उलटी ओळ वाचायला गेलो आणि पार गोंधळलो.

सेट बघून थोडा हिरमोड होतो, हे खरं. टीव्हीवर चकचकीत दिसणारं टेबल मागून उघडं प्लायवूड, वायरी चिकटपट्टीनं जमिनीला डकवलेल्या. खरी गंमत कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर मॉनिटर. 'दोन तयार... दोन!' असा आवाज येतो, स्विचरवर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते निवडणारं यंत्र) बटण दाबलं जातं आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागतो. निवेदक हसतमुखानं बोलत असताना त्याच्या कानात 'तीस सेकंद, आवरा' चालूच. मला तरी हे जमायचं नाही बुवा.

जाणार असाल तर हिरवा शर्ट टाळा. हिरव्या पडद्याच्या जागी स्क्रीनवर नकाशा बसवतात, त्यामुळे त्यापुढे उभं केलं तर धड गायब आणि नुसतं मुंडकं नकाशावर तरंगतं. (पोरांना मात्र मुद्दाम घालून न्या!)