मदत हवी आहे : चार ठिकाणांसाठी एसडी-वॅन कुणाचं घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमची बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आहे, मशीन शॉप शिनोळीला, डेपो निपाणीत, गोडाऊन खानापूरला. ईआरपी (साठा, ऑर्डरी, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि टॅलीचा सर्व्हर उद्यमबागेत. बाकीची पोरं ब्रॉडबँडवरून व्हीपीएन (इंटरनेटवरून बांधलेली खासगी वाट) लावून त्यात शिरतात. रस्त्याला जेसीबी लागला की केबल तुटते, गाडी भरून उभी राहते आणि बिल निघत नाही. दुसरी लाईन घेतलीय, पण ती चालू करायला कुणीतरी वायर बदलावी लागते.

एमपीएलएसचं (टेलिकॉम कंपनीच्या खासगी नेटवर्कवरून ठिकाणं जोडायचं) कोटेशन बघून मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला. आता एसडी-वॅनची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक पेटी लावून साध्या इंटरनेट लाईनींवरून ठिकाणं जोडायची आणि एक लाईन पडली की दुसरीवर आपोआप जायची सोय, तिची तीन कोटेशनं आहेत: फोर्टिगेट आणि मेराकी या दोन ब्रँडच्या पेट्या आणि एका टेलिकॉम कंपनीची महिना भाड्याची मॅनेज्ड सेवा (सगळं तेच बसवून सांभाळणार). तिघांची भाषा एकच, सगळं आपोआप होणार म्हणे. त्यात शिनोळी पडली महाराष्ट्रात. इथून दुचाकीवर जाऊन येता येतं, पण टेलिकॉमवाले म्हणतात तो सर्कल (त्यांचा विभाग) वेगळा, चौकशी तिकडं करा. बिलही तिथल्या जीएसटी नंबरावर पाहिजे. कुणी वापरलंय का? काय बघून ठरवावं?

प्रतिसाद १

कंपनी नंतर बघा. आधी दोन्ही लाईनी खरंच वेगळ्या आहेत का ते बघा. दोन कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असेल तर जेसीबी दोन्ही एकदमच तोडणार, मग वर कितीही भारी पेटी लावा. खानापूरला एक फायबर आणि एक ४जी असं बसवा. ४जीवर सहसा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, पण टनेल (दोन पेट्यांमधली खासगी वाट) शाखेकडून सुरू होतं म्हणून चालतं. स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) उद्यमबागेत मात्र हवाच, शक्यतो दोन्ही लाईनींवर.

टॅलीचं म्हणाल तर, नीट बसवलं की दोन्ही लाईनींवर टनेल आधीच उभी असतात. आतला पत्ता बदलत नाही, त्यामुळं लाईन बदलली तरी सेशन (चालू असलेलं काम) टिकतं. शाखेतून थेट इंटरनेटवर जाणाऱ्या गोष्टींचं तसं नाही. लाईन बदलली की बाहेरचा पत्ता बदलतो, मग बँकेची साईट लॉगिनमधून बाहेर फेकणारच, त्याला पेटीचा इलाज नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. दरांबद्दल थोडं. फोर्टिगेटमध्ये एसडी-वॅनचं वेगळं लायसन लागत नाही, पण सिक्युरिटीचं सबस्क्रिप्शन वेगळं, ते दरवर्षी येतं. मेराकी चालवायला सोपं, तुमच्याकडं आयटीचा एकच माणूस असेल तर मोह होणारच. पण लायसन संपलं आणि सवलतीची मुदतही उलटली की ट्रॅफिकच थांबतो, हे मालकांना आधीच सांगून ठेवा. पाच वर्षांचा एकूण खर्च तिघांकडून लिहून घ्या. पेटीच्या पत्रकावरचा फायरवॉलचा मोठा आकडा वाचू नका, सुरक्षेच्या तपासण्या चालू असतानाचा वेग विचारा. तो बराच कमी असतो.

मालकीही बघा. एसडी-वॅनमधलंच एक नाव व्हेलोक्लाऊड, ते २०१७ साली व्हीएमवेअरनं घेतलं, २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडं गेलं आणि २०२५ मध्ये व्हेलोक्लाऊड अरिस्टानं घेतलं. माल चांगला असला तरी दर वेळी लायसन आणि सपोर्टची घडी बदलते.

मॅनेज्ड सेवेला मी सरसकट नाही म्हणणार नाही. पण करारात पेटी कुणाची, करार मोडला तर काय, आणि दुसऱ्या कंपनीची लाईन त्यावर चालेल का, एवढं पक्कं करा. एकाच कंपनीच्या दोन लाईनी गळ्यात मारतात.

धागाकर्ता

धन्यवाद. खांबांचं डोक्यातच नव्हतं, उद्या वायरमनला घेऊन फिरतो. डेमोला काय करून बघू?

प्रतिसाद २

डेमो त्यांच्या ऑफिसात नको. पेटी आठवडाभर खानापूरला लावून घ्या. पोरांना टॅलीत एन्ट्री करायला लावा, फोन चालू ठेवा आणि न सांगता फायबर उपसा. दुसऱ्या दिवशी वायर जोडलेलीच ठेवून वेग मुद्दाम कमी करा. तुटलेली लाईन कुठलीही पेटी ओळखते, रडतखडत चालणारी ओळखली पाहिजे. आणि पेटी जळाली तर बदली कुठून येणार ते विचारा. बेळगावात किंवा कोल्हापुरात साठा असलेला डीलर असेल तर मी दोन पैसे जास्त देईन.

प्रतिसाद १

शिनोळीच्या ४जीचंही तिथंच उभं राहून बघा. दोन कंपन्यांची सिमं घेतली तरी टॉवर एकच असू शकतो. तसं निघालं तर तिथं दुसरी फायबर किंवा वायरलेस लिंक लागेल, आणि तो खर्च तिन्ही कोटेशनांत धरलेला नसणार.