छत्रीचं नेट घरापासून बेदाणा शेडपर्यंत: चर खणून न्यावं की हवेतून?

माळावरची वस्ती
आमची वस्ती सांगोला तालुक्यात, गावापासून चार किलोमीटरवर. मोबाइलला रेंज नाही म्हणून घराच्या स्लॅबवर उपग्रहाची छत्री बसवून घेतली. घरात नेट छान चालतं. आता ते गोठ्यावर (70 मीटर) आणि बेदाणा शेडवर (260 मीटर) न्यायचंय. फेब्रुवारी ते एप्रिल शेडमध्ये रॅकवर माल वाळत असतो आणि राखणीला चार कॅमेरे आहेत, पण माणूस म्हणून वडील एकटेच असतात. अवकाळीचं आभाळ भरून आलं तरी त्यांना घरी फोन लावता येत नाही.

चर काढून फायबरच टाकावी, असं माझं ठाम मत आहे. नेटवर्कची तांब्याची केबल 100 मीटरच्या पुढं भरवशाची नाही, म्हणजे शेडसाठी ती बादच. गोठ्यापर्यंत पुरेल, पण दोन इमारतींमध्ये तांबं ओढलं आणि आसपास वीज पडली की दोन्हीकडचं सामान जळू शकतं. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही.

टॉवरवाला, मोहोळ
दादा, माळरानावर चर खणणं म्हणजे मुरुमात पैसे पुरणं. त्यापेक्षा 5 गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज घ्या. एक डबी घरावर, एक शेडवर, तोंडं समोरासमोर. 2018 पासून या लहरींच्या पट्ट्यातल्या बऱ्याच भागाला परवाना लागत नाही. 260 मीटर म्हणजे त्याला काहीच नाही. दोघं मिळून अर्ध्या दिवसात बसवाल. फायबर एकदा जेसीबीच्या दातात सापडली की जोडायला मशीनवाला शोधत फिरावं लागेल.

माळावरची वस्ती
घर आणि शेडच्या मध्ये दोन एकर ऊस आहे, भाऊ. लागणीच्या वेळी शेड लख्ख दिसतं. दहा-बारा फुटांचा झाला की दिसत नाही. बेदाण्याच्या दिवसांत कधी तोडणी झालेली असते, कधी ऊस उभाच असतो. हिरव्या पानांत पाणी असतं आणि ते सिग्नल पिऊन टाकतं. नुसती नजर पोचून भागत नाही, मधल्या रेषेच्या वर-खालीही मोकळी जागा लागते.

टॉवरवाला, मोहोळ
मग वीस फुटी पाइप उभा करा की.

अक्कलकोटची सून
उघड्या माळावर वीस फुटी लोखंडी पाइप? नको हो! आमच्याकडे घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याची केबल होती. वळवाच्या पावसात शेजारच्या बाभळीवर वीज पडली. गोठ्यातले दोन कॅमेरे गेले आणि घरातला राउटर, टीव्हीसुद्धा. जनावरं वाचली एवढंच. मी फायबरच्या बाजूनं आहे. पण दादा, उंदरांच्या भीतीनं दुकानदार 'आर्मर्ड' केबल गळ्यात मारेल. तिच्यात पोलाद असतं, म्हणजे जो धोका टाळायला निघालात तोच पुन्हा घरात. बिनधातूची घ्या, एक इंची एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात ओढा, नांगर पोचणार नाही अशी तीन फूट खोल टाका आणि केबलमधली तंतूंची दुसरी जोडी अडीनडीला मोकळी ठेवा.

बार्शीचा पोऱ्या
मला तर मुळात नेट तिथं न्यायचंच पटत नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग शेडमधल्या डबीत होतंच, त्याला नेट लागत नाही. तुमची छत्री जर 35,786 किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलत असेल, तर विचारलेलं जाऊन उत्तर यायलाच अर्धा सेकंद लागतो. त्यात डेटाला मर्यादा. चार कॅमेरे दिवसभर मोबाइलवर बघत बसलात तर महिन्याचा डेटा आठवड्यात संपेल.

माळावरची वस्ती
रेकॉर्डिंग शेडमध्येच ठेवायचं, हे पटलं. पण माल भिजल्यावर रेकॉर्डिंग बघून काय करू? मला वडिलांचा फोन हवाय, आणि त्याला डेटा कितीसा लागणार! अर्धा सेकंद उशिरा का होईना, आवाज पोचला तर आम्ही चौघं ताडपत्री घेऊन धावू. शिवाय तासगावहून आणलेल्या मजुरांनाही रात्री लेकरांशी बोलायचं असतं.

वायरमन काका
केबलवर भांडताय, पण शेडवर लाइट कुठली? शेतीचा फीडर असेल तर थ्री फेज आठ तास, तेही कधी रात्रीचं. लाइट गेली की फायबर काय अन् ब्रिज काय, दोन्ही मेलेच. कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश राउटरला कळेल असा करणारी डबी) आणि राउटर मिळून 15 वॅट धरा, म्हणजे 24 तासांचे 360 वॅट-तास. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1200 असतात, त्यातले निम्मेच वापरायचे, तरी दिवस-रात्र निघते. वर शंभर वॅटचं सौर पॅनेल लावा. आणि घरच्या छत्रीलाही इन्व्हर्टर द्या, नाहीतर मूळच बंद. राउटर पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, पत्रा सिग्नल अडवतो.

टॉवरवाला, मोहोळ
बॅटरीचं काकांचं खरं आहे. उसाचंही मान्य. पण यंदाचा हंगाम तोंडावर आहे, चर कधी होणार? ऊस तुटला असेल तर यंदापुरता ब्रिज लावा.

माळावरची वस्ती
ऊस गेल्या आठवड्यातच तुटला. ठिबकची मेन लाइन बदलायला उन्हाळ्यात चर काढणारच आहे, त्यातच पाइप टाकतो. तोवर ब्रिज. काका, पॅनेल शेडच्या पत्र्यावर बसवू की बाजूला खांब रोवून? बेदाण्याला देतो त्या गंधकाच्या धुरीनं जोडण्या गंजतील का?

वायरमन काका
गंजतील. बॅटरी, कन्व्हर्टर, राउटर सगळं धुरीच्या जागेपासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला बंद डबीत घ्या. पॅनेल वडिलांच्या खोपीवर लावा.