मदत हवी आहे: चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली. ताण कुठे मोजायचा?

नमस्कार मंडळी,

बाबांची १०० सीसीची गाडी आता मी चालवतो. मानेवाडा ते बुटीबोरी एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर. परतताना बहुतेक वेळा मागे शिफ्टमधला सोबती असतो.

महिनाभरापासून ॲक्सिलरेटर सोडून परत दिला की मागून खट्‌कन झटका बसतो आणि खड्ड्यात चेन कव्हरला घासते. जवळच्या एका गॅरेजमध्ये पाच मिनिटांत चेन ओढून दिली. दुसऱ्या दिवशी डबलसीट येताना किरकिर सुरू झाली, गाडी पळेना. घरी येऊन मागच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला! चेन ताठ करायला गॅरेजवाल्याने चाक मागे सरकवलं, पण ब्रेकचा रॉड तसाच ठेवला होता, म्हणून ब्रेक धरूनच राहिला. रॉडचा नट सैल केल्यावर चाक मोकळं झालं.

मग रविवारी स्वतःच बसलो. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. कव्हरचं रबरी बूच काढून पट्टीने खालच्या चेनचा खेळ, म्हणजे ती वर-खाली किती हलते, ते मोजलं. मॅन्युअलमध्ये २० ते ३० मिमी दिलाय. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार जागी पाहिलं तर ३८, ३०, २२ आणि १४ मिमी आलं. आता मधलं २५ कुठल्या जागेला धरू? आणि दोघं बसल्यावर चेन अजून ताणते, तर मुद्दाम ढिली ठेवू का? चेन सेट शेवटचा कधी बदलला, बाबांना आठवत नाही. गाडी त्यांच्या जिवाची आहे, माझ्या हातून गिअरबॉक्स खराब व्हायला नको.

प्रतिसाद १
भाऊ, माप नेहमी सर्वांत ताठ जागीच घ्यायचं. तिथे २० च्या खाली जाऊ देऊ नको. मागे माणूस बसला की चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) वर जातो. पुढची गरारी (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. तेव्हा खेळ उरला नाही तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. मॅन्युअलच्या मापात हा हिशोब धरलेलाच असतो, वेगळं ढिलं नको ठेवू.

पण तुझा फरक २४ मिमीचा आहे, हे ॲडजस्ट करून सुटणारं नाही. आधी दोष शोध. ताठ जागा आली की टायरवर खडूने खूण कर आणि चाक पाच-सहा फेऱ्या फिरव. प्रत्येक फेरीत त्याच खुणेवर ताठ होत असेल तर मागची गरारी किंवा तिची बैठक वाकडी आहे. ताठ जागा खुणेपासून सरकत राहिली तर चेनच असमान ताणलेली आहे.

प्रतिसाद २
मागच्या गरारीच्या अगदी पाठीमागे चेन बोटाने बाहेर ओढून पाहा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली. गरारीचे दात एका बाजूला झुकलेत का तेही पाहा. आणि कळकळीने सांगते, इंजिन चालू ठेवून चेनला हात किंवा फडकं लावू नका. बोट जायला क्षण लागत नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. खूण करून पाहिली. पुढच्या फेऱ्यांत ताठ जागा त्याच खुणेवर येत नाही, सरकत राहते. म्हणजे चेनच. मागे ओढल्यावर दात अर्ध्याहून जास्त दिसतो. पूर्ण सेटच बदलतो, दोन्ही गराऱ्यांसकट. तोपर्यंत ताठ जागी २० ठेवलंय, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या केल्यात आणि सोबत्याला आठवडाभर बसने यायला सांगितलंय. एकच राहिलं: नव्या चेनचं लॉक (जोडाची क्लिप) कुठल्या दिशेने बसवायचं?

प्रतिसाद १
लॉकची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला, उघडी बाजू मागे. एक्सल नट घट्ट करून झाल्यावर खेळ पुन्हा मोज, घट्ट करताना चाक थोडं सरकतं. ब्रेकचा रॉड शेवटी लाव. नवी चेन सुरुवातीला थोडी ढिली पडतेच, तर ५०० किलोमीटरवर परत पाहा.