फोटोसाठी आधी आईची साडी ठरवावी
कुटुंबाच्या फोटोसाठी सर्वांनी पांढरा सदरा आणि निळी जीन्स घालावी, अशी सूचना अनेकदा केली जाते; तिच्याबाबत थोडे वेगळे मत मांडतो. ठाण्यात उपवन तलावाच्या काठी आम्ही कुटुंबाचे फोटो काढले, तेव्हा नेमका हाच बेत केला होता; परंतु उन्हात पांढऱ्या कापडाचा पोत पार उडून गेला आणि आम्ही सातजण एखाद्या बँडपथकासारखे दिसू लागलो. त्यामुळे दुसऱ्या खेपेला आधी आईची साडी ठरवली (तिचा निर्णय तसाही बदलत नाही) आणि त्या जांभळ्या पैठणीच्या राणी रंगाच्या काठावरून वडिलांना मोतिया झब्बा, तर मुलींना फिकट गुलाबी कुडते निवडले. मागे येऊरच्या डोंगराची झाडी असल्यास हिरवा रंग टाळावा, कारण माणूस तीत मिसळून जातो. अगदी बारीक चौकडीचे किंवा दाट रेघांचे शर्टही नकोत. डिजिटल कॅमेऱ्यात त्यांवर लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती नंतर काढणे जिकिरीचे ठरते. लहान मुलांचे नवे कपडे मात्र आधी एकदा धुऊन, घालून पाहावेत. आमचा धाकटा निम्म्या फोटोंत मान खाजवतो आहे.