बंधाऱ्याच्या काँक्रीटमध्ये तापमान सेन्सर नेमके कुठे बसवावेत?

सत्तरीकर
एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बंधाऱ्याचं काँक्रीट सुरू होतंय. ब्लॉक १२ × ६ मीटर, लिफ्ट (एका वेळी ओतायचा थर) दीड मीटरची. ठेकेदार म्हणतो, मधोमध एक सेन्सर पुरे. दोन तारांचे पीटी१०० (तापमानानुसार विद्युत रोध बदलणारे सेन्सर) आणलेत, प्रत्येकाला १०० मीटर केबल. चालेल का?

मापन_फोंडा
एका सेन्सरवर फक्त कमाल तापमान कळेल. काँक्रीट घट्ट होताना आतून तापतं. तडे जातात ते गाभा आणि पृष्ठभाग यांच्यातल्या फरकाने, आणि तो साधारण २० अंशांच्या आत ठेवायचा असतो. म्हणून गाभ्यात ७५ सेंमी खोलीवर एक, वरच्या पृष्ठभागाखाली ५० मिमीवर एक, डाउनस्ट्रीम (पाणी पुढे वाहून जातं त्या) बाजूच्या शटरिंगपासून, म्हणजे साच्याच्या फळ्यांपासून, ५० मिमी आत एक, शिवाय हवेचा एक, सावलीत. ५० मिमी म्हणजे ५० मिमीच. सेन्सर सरकून १५० मिमीवर गेला की फरक कमी दिसतो आणि धोका लपतो.

दोन तारांचे परत करा. ०.५ चौ. मिमी तांब्याच्या १०० मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध ७ ते ७.५ ओहम, तो सेन्सरच्या रोधात मिळतो; आणि पीटी१०० एका अंशाला ०.३८५ ओहम बदलतो. म्हणजे १८-२० अंश जास्तच दिसणार.

सत्तरीकर
सगळ्या केबल सारख्याच लांबीच्या ठेवल्या तर वजाबाकीत चूक जाईल ना?

मापन_फोंडा
फरकातली बरीचशी जाईल, पण गाभा ७० अंशांच्या आत ठेवायचा असतो, ती मर्यादा तपासता येणार नाही. शिवाय उन्हातली केबल सावलीतल्या केबलपेक्षा २० अंश तापली तर दीड अंश नवी चूक. चार तारांचे घ्या, किंवा २५ अंशांना ३००० ओहमचा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध खूप जास्त बदलणारा सेन्सर). दोन तारांवरही ७० अंशांपर्यंत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते.

काँक्रीट_साखळी
बसवताना सेन्सर सळईला टेकू देऊ नका, मध्ये लाकडाचा तुकडा घाला. केबल आडव्या सळईच्या खालच्या अंगाने बांधा, म्हणजे वरून पडणारं काँक्रीट तिच्यावर आदळत नाही. सेन्सरभोवती ४० मिमीवरची खडी काढून काँक्रीट हाताने भरा, व्हायब्रेटरची सुई ३० सेंमी दूर. केबलचा जुडगा अपस्ट्रीमपासून (पाणी अडतं त्या बाजूपासून) डाउनस्ट्रीमपर्यंत सरळ नेऊ नका, त्याच वाटेने पाणी झिरपतं. तारा सुट्या, अंतरावर ठेवा. कोणती केबल कोणत्या सेन्सरची, या खुणेला धातूची पट्टी लावा, कागद टिकत नाही.

ओतण्याआधी सगळे सेन्सर बर्फाच्या लगद्यात बुडवून शून्य अंश येतो का बघा. कमाल तापमान गाठून उतार लागेपर्यंत दर तासाला नोंद घ्या. वळवाच्या सरीला ताडपत्री तयार हवी. तापलेल्या पृष्ठभागावर गार पाणी पडलं की फरक एकदम वाढतो. क्युरिंगलाही (काँक्रीटवर पाणी मारण्यालाही) हाच नियम: फरक २० अंशांच्या जवळ आला की पाण्याचा पाइप बंद, वर प्लास्टिक आणि थर्मोकोल.