बाल्कन बस : आईबाबांच्या व्हिसावर ०१ आहे

पाठवणार : दादा (गार्शिंग)
विषय : बाल्कन बस – तातडीचं

अक्का आणि मंडळी,

आपल्या म्युनिककर मराठी मंडळींच्या बाल्कन सहलीचे उरलेले पैसे शुक्रवारी भरायचेत म्हणून काल रात्री आईबाबांचे पासपोर्ट स्कॅन करायला घेतले. व्हिसाच्या स्टिकरवर किती प्रवेश त्या रकान्यात चक्क "०१" छापलंय. मी इतके दिवस नुसतं ९० दिवसांकडे बघत होतो, शेजारचा रकाना वाचलाच नाही. आपली बस चौथ्या दिवशी क्रोएशियातल्या स्प्लिटहून बोस्नियातल्या मोस्तारला जाते, म्हणजे शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) बाहेर. एकदा बाहेर पडले की दोघांचा व्हिसा संपला, मग क्रोएशियात, दुब्रोव्हनिकला परत शिरायचं कसं? पत्रकात "बोस्नियाला शेंगेन व्हिसा चालतो" असं स्पष्ट लिहिलंय, त्यावर विसंबून मी नावं दिली होती.

नाना, तुमच्या बहिणीचा व्हिसा आमच्याच आठवड्यात आला ना? तोही आजच बघा. मोसाखच्या काकूंनी आणि त्यांच्या यजमानांनीही. आई रोज पुण्याला फोन करून सहलीचं सांगतेय, तिला अजून काही बोललेलो नाही.

---

पाठवणार : नाना (पासिंग)
विषय : उत्तर : बाल्कन बस – तातडीचं

दादा, एवढं घाबरू नकोस. २०१९ ला आपण हीच सहल केली, यादीतले निम्मे लोक साक्षीला आहेत. बोस्नियातल्या निउमच्या नाक्यावर ड्रायव्हरने सगळ्यांचे पासपोर्ट गठ्ठ्याने नेले आणि दहा मिनिटांत आणून दिले. कोणी बसमध्ये चढलंसुद्धा नाही. पुढे तिथल्याच धाब्यावर थांबून आपण समुद्राकडे बघत पोह्यांचे डबे उघडले होते. म्हातारी माणसं बघितली की तिथले लोक अडवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

---

पाठवणार : धाकटी (रीम)
विषय : उत्तर : उत्तर : बाल्कन बस – तातडीचं

नाना, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो त्या वेळचा. २०१९ ला क्रोएशिया शेंगेनमध्ये नव्हता. तो १ जानेवारी २०२३ ला आत आला, त्याच दिवशी तिथे युरोही आला. तेव्हा शेंगेनची हद्द स्लोव्हेनियाला संपायची, आता ती क्रोएशिया आणि बोस्नियाच्या मधल्या नाक्यावर आहे. शिवाय त्या वर्षीच्या पाहुण्यांच्या व्हिसावर "अनेक" होतं. जुनी यादी माझ्याकडे आहे, मी आत्ताच उघडून बघितली.

दुसरं म्हणजे बोस्निया शेंगेन व्हिसावर आत घेतो तो अनेक प्रवेशांचा असेल तरच. म्हणजे ०१ वाल्यांना जातानाच थांबवतील. आपण जर्मनीत राहायच्या परवान्यावर किंवा ब्लू कार्डावर (नोकरीच्या परवान्यावर) असलेले, आपल्याला अडचण नाही. पाहुण्यांना आहे. आणि आता शिक्का मारायला कोणी विसरेल अशीही आशा नको. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या हद्दींवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन यंत्रात नोंद करायला सुरुवात झाली आहे. माणूस कधी आत आला आणि कधी बाहेर गेला, ते सगळं त्यात दिसतं.

अडवत नाहीत म्हणता, तर सांगते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दुब्रोव्हनिकहून मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला निघालो होतो. आमच्या पुढच्या बसमधून एका आजीबाईंना उतरवलं. अधिकाऱ्याने पासपोर्टचं एकेक पान उलटून बघितलं, परत पहिल्यापासून बघितलं. त्या बाई एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली धरून भर उन्हात डांबरावर उभ्या होत्या. मुलगा खाली उतरून बोलत होता, पण भाषा कोणालाच येत नव्हती. पाऊण तासाने त्यांची बस त्या दोघांना सोडून पुढे गेली. टॅक्सी करून ते दुब्रोव्हनिकला परतले असतील. माझ्या सासूबाई दिवसभर तेच बोलत होत्या.

---

पाठवणार : अक्का (सहल समिती)
विषय : पत्रकातली चूक आणि पुढचं

सगळ्यांना,

पत्रकातली ती ओळ मी लिहिली. "अनेक प्रवेशांचा" हे दोन शब्द राहून गेले, ती माझी चूक. पण व्हिसा ज्याने त्याने तपासायचा हे फॉर्मच्या तिसऱ्या ओळीत आहे आणि त्याखाली प्रत्येकाची सही आहे. दादा, सहलीच्या याद्या मी सहा वर्षं सांभाळतेय, कोणाचे आईबाबा अडकावेत असं मला वाटेल का? एवढी तक्रार सगळ्या यादीवर टाकण्याआधी एक फोन केला असतास तर बरं झालं असतं.

आता करायचं काय ते बघू. व्हिसा बदलून मिळण्याची आशा धरू नका, फिंग्स्टची (इथल्या ख्रिस्ती सणाची) सुट्टी, म्हणजे आपली सहल, तोंडावर आली आहे. माझ्या हिशोबाने पाच पाहुण्यांचा प्रश्न आहे. मला दोन मार्ग दिसतात.

पहिला म्हणजे मार्ग आहे तसा ठेवायचा आणि पाच जणांना त्या तीन रात्री स्प्लिटला ठेवायचं, सोबत कोणीतरी राहायचं.

दुसरा, बोस्नियातला मुक्काम काढून टाकायचा. स्प्लिटहून थेट दुब्रोव्हनिक गाठायचं आणि तिथे तीन रात्री राहायचं. दुब्रोव्हनिक बाकीच्या क्रोएशियापासून तुटलेलं आहे, मध्ये बोस्नियाचा निउमचा २० एक किलोमीटरचा किनारा येतो. पण २६ जुलै २०२२ ला पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, त्यावरून क्रोएशियातूनच जाता येतं, नाका लागत नाही. मग तिथून ज्यांना मोस्तार आणि कोटोर करायचंय त्यांनी एकेक दिवसाची फेरी करायची. पाहुणे दुब्रोव्हनिकला थांबतील. यात सारायेवो सुटतं.

उद्या रात्री ८ पर्यंत कळवा.

---

पाठवणार : खजिनदार
विषय : उत्तर : पत्रकातली चूक आणि पुढचं

सारायेवोच्या हॉटेलला आगाऊ रक्कम दिली आहे. १० तारखेपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, त्यानंतर निम्मी. दुब्रोव्हनिकची खोली रात्रीला महाग पडते, माणशी साधारण ६० युरो वाढतील. निर्णय कोणताही घ्या, पण १० च्या आत घ्या.

पाहुण्यांच्या विम्याचंही बघा. व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा विमा बहुतेक वेळा फक्त शेंगेनपुरता असतो. बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोचं नाव त्यात आहे का ते वाचून कळवा. जे परवान्यावर आहेत त्यांनी आपापला विमाही तपासावा.

---

पाठवणार : बापू (हाइडहाउझेन)
विषय : सारायेवो काढू नका

मी या सहलीला नाव दिलं ते सारायेवोसाठी. बाकी समुद्र, किल्ले सगळीकडे आहेत. ५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत त्या गावाला वेढा होता, १,४२५ दिवस. विमानतळाच्या धावपट्टीखालून लोकांनी ८०० मीटर लांबीचा बोगदा खणला आणि त्यातून पीठ, औषधं, माणसं आतबाहेर नेली. मी त्या वर्षांत इथे म्युनिकला नुकताच नोकरीला लागलो होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी सारायेवोचा होता. रोज दुपारी जेवण सोडून तो फोनपाशी बसायचा, लाइन लागायची नाही, आणि चारला उठून परत कामाला लागायचा. त्याला दिलेला शब्द मला पाळायचाय, की एकदा तुझं गाव बघून येईन. तो आता नाही.

पाच जणांसाठी चव्वेचाळीस जणांचा मार्ग बदलायचा का, हा प्रश्न मी मनापासून विचारतोय. कोणाला दुखवायचं नाही.

---

पाठवणार : वहिनी (झेंडलिंग)
विषय : उत्तर : सारायेवो काढू नका

बापू, सारायेवोला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, बुरेक (सारण भरून भाजलेला तिथला पदार्थ) मागवू नका. इथल्या दुकानांत पालकाचं, चीजचं कसलंही बुरेक मिळतं, पण बोस्नियात बुरेक म्हणजे फक्त खिम्याचं. बटाट्याचं हवं असेल तर "क्रोम्पिरुशा" म्हणायचं, पालकाचं "झेल्यानित्सा", चीजचं "सिरनित्सा". शाकाहारी मंडळींनी लिहून घ्या. मागच्या वेळी दोघींनी पहिला घास घेतल्यावर मला कळलं, आणि त्या दोघी दिवसभर उपाशी होत्या.

आणखी एक. साजूक तुपाची बरणी, घरचं पनीर असलं काही बोस्नियात नेऊ नका. परत येताना ती युरोपीय संघाची हद्द आहे, दुधाचे पदार्थ आत आणता येत नाहीत. दशम्या, मेतकूट, चटण्या चालतील.

---

पाठवणार : नाना (पासिंग)
विषय : उत्तर : उत्तर : सारायेवो काढू नका

तूप मी दर वेळी नेलंय.

---

पाठवणार : माई
विषय : मी थांबते

मुलांनो,

मोठं पत्र लिहवत नाही, डोळे दुखतात. मी दुब्रोव्हनिकला पाहुण्यांसोबत थांबते. माझ्याकडे परवाना आहे, मला कुठेही जाता येईल, पण मोस्तार माझं बघून झालंय. हे होते तेव्हा गेलो होतो, २००४ ला पूल परत बांधून खुला झाला त्यानंतरच्याच वर्षी. त्या पुलावर चढताना दगड इतके गुळगुळीत आहेत की पाय ठरत नाही. मध्ये मध्ये आडव्या दगडी पट्ट्या वर आल्यात, त्यांना टाच टेकत टेकत जावं लागतं. ह्यांनी माझा हात धरला होता आणि मी खाली नेरेत्वा नदीचं हिरवं पाणी बघत होते. वरून उड्या मारणारी पोरं आधी टोपी फिरवून पैसे गोळा करतात, मग एकजण उडी मारतो. पाणी २० मीटरहून जास्त खाली आहे. उडी मारली की एवढ्या गर्दीत एकदम शांतता होते.

जाणाऱ्यांनी चपला घालून जाऊ नका, रबरी तळव्याचे बूट घाला.

दादा, तुझ्या आईला माझं नाव सांग. आम्ही दोघी तटावरून फिरू, नाहीतर बाकावर बसून गप्पा मारू. पत्ते मी आणते.

---

पाठवणार : दादा (गार्शिंग)
विषय : उत्तर : मी थांबते

माई, काय लिहू. आज सकाळी दोघांना सांगितलं. आई गप्प झाली आणि मग म्हणाली, "त्या माई आहेत का सोबत? मग झालं."

बाबांचं मात्र वाईट वाटलं. त्यांनी चाळीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात पूल बांधले आणि मोस्तारचा पूल त्यांना हात लावून बघायचा होता. १५६६ चा एका कमानीचा पूल, ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांनी पाडला, आणि पुन्हा जुन्या पद्धतीने दगडावर दगड ठेवून उभा केला, हे सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. मग मी त्यांना अक्कांचं पत्र वाचून दाखवलं. पेल्येशात्सचं नाव ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः फोनवर शोधायला लागले. २,४०४ मीटर लांब, केबलवर तोललेला, चिनी कंपनीने बांधला, युरोपीय संघाने ३५७ दशलक्ष युरो दिले. दुपारी जेवताना मला विचारलं, बस पुलाच्या अलीकडे पाच मिनिटं थांबेल का, मला खांब मोजायचेत.

अक्का, थांबेल का? आणि यादीवर टाकण्याआधी फोन करायला हवा होता, हे तुमचं म्हणणं पटलं. रात्री घाबरून लिहिलं.

---

पाठवणार : अक्का (सहल समिती)
विषय : ठरलं

३१ जणांनी दुसऱ्या मार्गाला होकार दिला, ७ जणांचा विरोध आहे, बाकीचे गप्प आहेत. तर दुसरा मार्ग.

लुब्लियाना १, प्लिटविचे १, स्प्लिट १, दुब्रोव्हनिक ३, परतीला झाग्रेब १. मोस्तारचा दिवस आणि कोटोरचा दिवस वेगवेगळे. दोन्ही दिवशी बस सकाळी ६ ला सुटेल, नाक्यावरची रांग लवकर गेलं तरच टळते. ड्रायव्हर साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबणारच, तो कायदा आहे, त्याला घाई करायला सांगू नका. मागच्या सहलीत दोघांनी सांगितलं आणि मला त्याची माफी मागावी लागली. पुलाअलीकडे थांबायला योग्य जागा आहे का, ते मी त्यालाच विचारते. बाबांना सांग.

बापू, मोस्तारहून सारायेवोला रेल्वे आहे, दोन एक तासांची, नेरेत्वाच्या काठाने जाते. तुम्हाला तिथे उतरून पुढे जायचं असेल, एक रात्र राहून सारायेवोहून विमानाने परत यायचं असेल, तर तुमचे दुब्रोव्हनिकच्या उरलेल्या रात्रीचे आणि झाग्रेबचे पैसे परत करायला खजिनदार तयार आहेत. अजून तिघांनी तसंच विचारलंय. तुमच्या सहकाऱ्याचं वाचून मी खूप वेळ बसून होते.

बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोमध्ये फोनचं इंटरनेट बंद ठेवा, तिथे युरोपीय रोमिंग लागू नाही. बोस्नियात सुटे मार्क लागतात, १ युरोला १.९५. मॉन्टेनेग्रोत युरोच चालतो.

---

पाठवणार : बापू (हाइडहाउझेन)
विषय : उत्तर : ठरलं

रेल्वेने जातो. बाकीच्या तिघांनी मला फोन करा, तिकिटं मी काढतो.

---

पाठवणार : नाना (पासिंग)
विषय : उत्तर : उत्तर : ठरलं

बहिणीचा पासपोर्ट आत्ता बघितला. तिच्यावर "०२" आहे! म्हणजे ती दोन्हीकडे येऊ शकते ना?

---

पाठवणार : धाकटी (रीम)
विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : ठरलं

नाही नाना, एकाच ठिकाणी. जर्मनीत उतरल्या तो पहिला प्रवेश, एकदा बाहेर जाऊन क्रोएशियात परतल्या की दुसरा. तिसरा उरत नाही. त्यात बोस्नियाची अट अनेक प्रवेशांची आहे, ०२ घेऊन तिथे वाद घालण्यापेक्षा त्यांना कोटोरला न्या. मॉन्टेनेग्रोला वैध शेंगेन व्हिसा पुरतो. मोस्तारच्या दिवशी त्या माईंसोबत थांबतील.

---

पाठवणार : नाना (पासिंग)
विषय : कोटोर

तिला सांगितलं, खूश आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विचारतेय कोटोरला पायऱ्या किती?

---

पाठवणार : धाकटी (रीम)
विषय : उत्तर : कोटोर

वरच्या किल्ल्याला १,३५० सांगतात. खालचं गाव सपाट आहे, फरशी गुळगुळीत. काठी घेऊन या म्हणावं, मी त्यांच्यासोबत खालीच थांबेन.