कागदी मिनिएचर वाकतात आणि पडतात, काय चुकतंय?

प्रश्न: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन पटावर खेळायचा खेळ) यासाठी गोब्लिन (छोटे राक्षस) मिनिएचर, म्हणजे उभ्या छोट्या आकृत्या, म्हणून साध्या ७० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर, कागदाचं वजन) कागदावर छापून दुमडले, फेव्हिकॉलने चिकटवले. सुकल्यावर धनुष्यासारखे वाकले. पुढची-मागची बाजूही जुळत नाही. पंख्याच्या वाऱ्यानेही पडतात.

उत्तर १: फेव्हिकॉलमधलं पाणी कागद शोषतो आणि सुकताना आकसतो, म्हणून वाकतो. ग्लू स्टिक वापरा, कडांपर्यंत पातळ लावा आणि तासभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. कागद १६० ते २०० जीएसएमचा घ्या. त्याहून जाड कागदाची घडी फुटते.

बाजू न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा क्रम. आधी पट्टीला धरून रिकाम्या बॉलपेनने घडीची रेघ दाबायची, मग दुमडून चिकटवायचं, कापायचं सगळ्यात शेवटी. चित्राभोवती २ मिमी काठ सोडला की थोडा फरक खपून जातो. कापताना कात्री स्थिर, कागद फिरवायचा.

उत्तर २: छापताना 'फिट टू पेज' बंद करून १००% ठेवा, नाहीतर आकृती लहान होते. पटावरचा चौकोन १ इंचाचा असतो, म्हणून माणसाएवढ्या पात्राला २५ मिमी बैठक (आकृतीचा तळ), ओगरसारख्या मोठ्या राक्षसाला ५० मिमी. पडू नये म्हणून बैठकीखाली लोखंडी वॉशर चिकटवा. वजन तळाशी हवं.

उत्तर ३: कापल्यावर पांढरी कड काळ्या मार्करने आडवी घासून रंगवा. एवढ्यानेच आकृती उठून दिसते! इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते, त्यामुळे ब्रशने वॉर्निश लावू नका.